घड्याळ १९७४ चं, फोटो १९७३ चा: ‘रेड ॲरोज’च्या नावाने विकायला आलेल्या एका क्रोनोग्राफचं प्रकरण

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या एका मराठी संग्राहकासमोर एका छोट्या विक्रेत्याने सीडब्ल्यूसी या ब्रिटिश कंपनीचा हाताने चावी भरायचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मनगटी घड्याळ, ठेवला. सोबत तीन कागद होते: लाल पोशाखातल्या वैमानिकाचा नॅट विमानाशेजारी काढलेला फोटो, ब्रिटिश हवाई दलाच्या ‘रेड ॲरोज’ या हवाई कसरतींच्या पथकाची १९७३ च्या हंगामाची सह्यांसकट पुस्तिका, आणि ‘हे घड्याळ या वैमानिकाने १९७१ ते १९७३ या काळात प्रदर्शनांत वापरलं, त्याच्या नातेवाइकांकडून घेतलं’ असं सांगणारं विक्रेत्याचं स्वतःचं टंकलिखित पत्र. असं चांगलं घड्याळ, कोणाचंही नाव न जोडता, बाजारात १०० रुपयांना मिळतं असं धरलं तर विक्रेत्याने सांगितलेली किंमत २३० होती. वरचे १३० रुपये नुसते त्या तीन कागदांचे.

माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. अशा व्यवहारांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच घड्याळावर एकत्र आणल्या आहेत. आकडे प्रमाण कळावं म्हणून दिले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

आधी घड्याळ काय आहे ते. ब्रिटिश हवाई दल आणि नौदलाने १९७० च्या दशकाच्या आरंभी जुने एका बटणाचे लेमानिया क्रोनोग्राफ बाजूला सारून दोन बटणांचा नवा नमुना घेतला. तो पुरवणारे चौघे: आधी हॅमिल्टन, मग सीडब्ल्यूसी, आणि १९८० च्या आसपास न्यूमार्क आणि प्रेसिस्टा. चौघांच्याही केसमध्ये व्हालजू ७७३३ हे स्विस मशीन आहे आणि केसचा घाटही जवळपास एकच. केस मुद्दाम बेढब आहे. चावी आणि बटणं असलेली उजवी बाजू जाड ठेवली आहे, म्हणजे अरुंद कॉकपिटमध्ये हात कुठे आपटला तरी धक्का धातू खाईल, चावी नाही. सीडब्ल्यूसी १९७२ साली रे मेलर यांनी सुरू केली. ते त्याआधी हॅमिल्टनच्याच ब्रिटिश शाखेत होते, त्यामुळे दोन्ही घड्याळं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. हे साम्य पुढे या प्रकरणात महत्त्वाचं ठरलं.

मागचं झाकण पहिल्यांदा वाचायचं, डायल नंतर. या घड्याळाच्या झाकणावर रुंद बाण, त्याखाली ६बीबी, मग ९२४-३३०६, आणि शेवटच्या ओळीत चार आकडी क्रमांक, तिरकी रेघ आणि ७४. बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण. ६बीबी म्हणजे हवाई दल. त्या जागी ०५५२ असतं तर घड्याळ नौदलाचं, आणि मग हवाई दलाच्या पथकाशी जोडलेली गोष्ट तिथेच अडखळली असती. ९२४-३३०६ हा वस्तूचा भांडार क्रमांक, सगळ्या चुलत घड्याळांवर तोच. शेवटी नगाचा क्रमांक आणि वर्ष. या खुणांत वैमानिकाचं नाव नसतं, पथकाचंही नसतं. झाकणावर पथकाचं चिन्ह किंवा ‘रेड ९’ असा पथकातल्या वैमानिकाचा क्रमांक वगैरे कोरलेला दिसलं तर ते नंतर कोणीतरी खाजगीत कोरून घेतलेलं आहे असं धरून चालायचं. ते खोटंच असेल असं नाही, पण ती सरकारी खूण नव्हे.

कोरीव अक्षरं १० पटीच्या भिंगाखाली तिरप्या उजेडात बघायची. जुन्या अक्षरांच्या कडा वापराने मऊ पडलेल्या असतात आणि झाकणावरचे बारीक ओरखडे अक्षरांच्या वरून जातात. ओरखडे अक्षराच्या कडेशी येऊन थबकत असतील, किंवा अक्षराच्या तळाशी धातू लख्ख असेल, तर कोरीव काम ओरखड्यांपेक्षा नवं आहे. या घड्याळाचं झाकण या परीक्षेत स्वच्छ निघालं. ७४ खरं होतं.

इथेच दावा पहिल्यांदा कोलमडला. झाकण म्हणतं १९७४. पत्र म्हणतं १९७१ ते १९७३.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘दुरुस्तीत झाकण बदललं असेल.’ असं होऊ शकतं. सरकारी कार्यशाळेत दहा घड्याळं एकदम उघडली की झाकणं, काटे, डायल इकडचे तिकडे होतात, त्यात लपवाछपवी काही नाही. पण या युक्तिवादाचं टोक विक्रेत्याच्याच अंगावर येतं. या घड्याळात ओळख पटवणारा क्रमांक फक्त झाकणावर आहे. झाकण दुसऱ्या घड्याळाचं असेल तर उरलेल्या घड्याळाला ओळखच उरत नाही, मग ते अमुक माणसाचं आहे असं कशावरून म्हणायचं? झाकण मूळचं मानलं तर वर्ष जुळत नाही, बदललेलं मानलं तर पुरावाच जातो.

आता पथक. या दाव्यांची छाननी करताना घड्याळाइतकीच पथकाची दिनदर्शिका पाठ असावी लागते. रेड ॲरोज १९६४ च्या अखेरीस उभं राहिलं आणि १९६५ हा त्यांचा पहिला हंगाम, फॉलंड नॅट टी.१ या दोन आसनी प्रशिक्षण विमानांवर. नऊ विमानांची हिऱ्याच्या आकाराची रचना १९६८ पासून. तळ १९६६ पासून केंबल, १९८३ पासून स्कॅम्प्टन, १९९५ ते २००० क्रॅनवेल, पुन्हा स्कॅम्प्टन, आणि २०२२ पासून वॉडिंग्टन. नॅटवरचा शेवटचा हंगाम १९७९, हॉक या नंतरच्या विमानावरचा पहिला १९८०. वैमानिक साधारण तीन वर्षं पथकात असतो आणि मग हवाई दलात दुसरीकडे जातो. हिवाळ्यातल्या सरावाला हिरवा पोशाख. वसंतात वरिष्ठांनी कसरती पाहून सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी दिली की मग लाल.

या सनावळीने बरेच दावे घरबसल्या निकालात निघतात. ‘नॅटच्या काळात वापरलेलं’ म्हणून सेइकोचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ कोणी दाखवला तर हसून परत करायचा, कारण त्यातलं ७ए२८ हे मशीनच १९८३ चं आहे. फोटोत लाल पोशाख आणि मागे हॉक असेल तर फोटो १९८० च्या आधीचा नाही. हिरवा पोशाख असेल तर तो ‘प्रदर्शनातला’ फोटो नव्हे, सरावातला. विमानाचा क्रमांक वाचता आला, नॅटच्या बाबतीत बहुधा एक्सआर किंवा एक्सएसने सुरू होणारा, तर ते विमान त्या वर्षी पथकात होतं का हेही तपासता येतं. (आपल्याकडचं नॅट म्हणजे एक आसनी लढाऊ विमान, जे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळुरूत परवान्यावर बांधलं. रेड ॲरोजचं टी.१ त्याचं दोन आसनी, लांब भावंड. फोटोत एकाच आसनाचं नॅट दिसलं तर ते या पथकाचं नाही.)

आपल्या प्रकरणातला फोटो या सगळ्यातून पार झाला. लाल पोशाख, दोन आसनांचं नॅट, आणि डाव्या मनगटावर बाही जराशी वर सरकून दिसणारं घड्याळ. विक्रेत्याचा सगळा भर याच घड्याळावर होता.

फोटोतलं घड्याळ ओळखायचं तर आधी हिशेब करावा लागतो, भिंग नंतर. फोटो २० बाय २५ सेंटिमीटरचा, त्यात उभा माणूस साधारण १५ सेंटिमीटरचा. म्हणजे बाराव्या हिश्शाचं प्रमाण. ४० मिलिमीटरचं घड्याळ कागदावर ३.३ मिलिमीटरचं झालं. १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केलं की एका मिलिमीटरला ४७ ठिपके, म्हणजे घड्याळाला दीडशेच्या थोडे वर. एवढ्यात केसची जाड उजवी बाजू दिसते, डायल काळी आहे हे दिसतं, ३ आणि ९ पाशी दोन छोट्या चकत्या आहेत हे दिसतं. अक्षरं दिसत नाहीत. झाकण तर मनगटाला चिकटलेलं, म्हणजे क्रमांकाचा प्रश्नच नाही.

स्कॅन नेहमी मूळ फोटोग्राफिक कागदाचा करायचा, छापील पुस्तिकेचा नाही. छपाईत चित्र ठिपक्यांच्या जाळीतून येतं, इंचाला १३३ ते १५० ओळी. ३.३ मिलिमीटरच्या घड्याळावर जेमतेम १७ ते २० ठिपके पडतात. कितीही मोठं करा, ठिपकेच मोठे होतात. ‘पुस्तिकेतल्या फोटोत स्पष्ट दिसतंय’ असं सांगणारा माणूस डोळ्याने नाही, इच्छेने बघत असतो.

आणखी एक सापळा: फोटो उलटा छापलेला असणं. निगेटिव्ह पालथी पडली की डावं मनगट उजवं होतं आणि केसची जाड बाजू डावीकडे दिसते. विमानावरची किंवा पोशाखावरची अक्षरं वाचून खात्री करायची. इथे फोटो सरळ होता.

तेव्हा फोटोतलं घड्याळ याच घराण्यातलं, हे मान्य. पण घराण्यातलं कोणतं? हॅमिल्टन आणि सीडब्ल्यूसी दीडशे ठिपक्यांत वेगळे ओळखता येत नाहीत. आणि मग पुस्तिका उघडली. १९७३ च्या हंगामासाठी छापलेल्या त्या पुस्तिकेत वैमानिकांच्या परिचयाच्या पानावर हाच फोटो होता, बाजूने थोडा कापलेला. पोशाखावरच्या घड्या, बाहीची सरकलेली कड, बुटांची दिशा, सगळं तंतोतंत. म्हणजे फोटो १९७३ च्या हंगामाआधी काढलेला. १९७४ चा आकडा असलेलं घड्याळ त्यात असूच शकत नाही. फोटोतल्या मनगटावर बहुधा हॅमिल्टन होतं. दावा मोडणारा सगळ्यात पक्का कागद विक्रेत्याने स्वतःच आणून दिला होता. हे अनेकदा होतं, कारण विक्रेता कागद जमवतो, एकमेकांशी ताडून बघत नाही.

पुस्तिकेवरच्या सह्या अस्सल वाटल्या तरी त्यांचा उपयोग मर्यादित. विमानांच्या जत्रेत पथकाचे वैमानिक अशा पुस्तिकांवर सह्या देतात. सही केलेली पुस्तिका एवढंच सांगते की कोणीतरी त्या दिवशी रांगेत उभं राहिलं होतं.

मग प्रश्न असा की पुरेसा पुरावा म्हणजे काय? सरकारी घड्याळ वैमानिकाच्या मालकीचं नसतं. ते भांडारातून सहीवर मिळतं, परत जातं, दुरुस्त होतं, दुसऱ्याला दिलं जातं, आणि शेवटी जुन्या मालात विकलं जातं. एक घड्याळ कित्येक मनगटं फिरलेलं असू शकतं. म्हणून नातेवाइकांकडे असं घड्याळ असणं हे उलट एक कोडं आहे: ते घरी कसं राहिलं? याचं समाधानकारक उत्तर देणारा कागद सगळ्यात वजनदार, म्हणजे ज्यावर माणसाचं नाव आणि नगाचा क्रमांक एकत्र आहेत असा त्या काळचा कागद. वाटपाची पावती, हरवल्याचा अहवाल, दुरुस्तीची चिठ्ठी, काहीही. त्याखालोखाल असा दिनांकित फोटो ज्यात या एकाच नगाची खूण दिसते, उदाहरणार्थ डायलवरचा विशिष्ट डाग. त्यानंतर वैमानिकाने स्वतः, क्रमांक लिहून, सही करून दिलेलं निवेदन. नातेवाइकांचं पत्र त्याच्याखाली, आणि त्यात क्रमांक नसेल तर बरंच खाली. विक्रेत्याचं पत्र या उतरंडीत येतच नाही, ती जाहिरात आहे.

वैमानिकाची उड्डाण-नोंदवही मिळाली तर संग्राहक हरखून जातात. तिच्यात तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कामगिरी, तास असं सगळं असतं. घड्याळ मात्र कुठेच नसतं. नोंदवही माणूस आणि विमान सिद्ध करते, मनगटावर काय होतं ते नाही.

या प्रकरणातला दावा तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळत होता: घड्याळ हवाई दलाचं आहे, ते या माणसाने कधीतरी वापरलं, आणि ते त्याने प्रदर्शनाच्या हंगामात वापरलं. पहिली गोष्ट सिद्ध. तिसरी खोटी ठरली. दुसरी उघडीच राहते, कारण तोच वैमानिक पथक सोडून हवाई दलात पुढे राहिला असेल आणि १९७४ नंतर त्याला हे घड्याळ मिळालंही असेल. तसं निघालं तर ‘एकेकाळी प्रदर्शन वैमानिकाने वापरलेलं घड्याळ’ हे वाक्य शब्दशः खरं ठरतं, फक्त विकत घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे चित्र उभं राहतं ते खरं नसतं. किंमत त्या चित्राचीच लावलेली असते. खरेदीपूर्वी या तीन वाक्यांपैकी कोणत्या वाक्याचे पैसे मोजतोय हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावं.

पथकाचं चिन्ह डायलवर असलं म्हणजे प्रश्न सुटतो, असंही नाही. ब्राइटलिंगने १९८३ साली इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी पथकासाठी घड्याळ केलं, त्यातूनच १९८४ चा क्रोनोमॅट आला, आणि २०२० मध्ये त्याच पथकाच्या चिन्हाची २५० नगांची आवृत्ती सरळ दुकानात विकली गेली. तिथे चिन्ह अस्सल असतं, वैमानिक असेलच असं नाही. आपल्याकडे एचएमटीचं ‘पायलट’ मॉडेल तर नावापुरतंच वैमानिकाचं, ते कोणालाही काउंटरवर मिळत होतं. आणि जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द ज्या रंगवलेल्या डायलींमुळे रूढ झाला, त्यांत जुन्या मशीनवर सैन्याचे बाण आणि पंख चितारलेले नमुनेही भरपूर असतात. आपण त्या शब्दावर रागावण्यापेक्षा डायल बघायला शिकलेलं बरं.

या घड्याळाची डायल मूळची होती, काटे नव्हते. डायलवर वर्तुळातला ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, अंधारात खुणा चमकवण्यासाठी वापरलेला किरणोत्सारी पदार्थ. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत चार वेळा निम्मं होऊन जेमतेम ६ टक्के उरलं. त्याने चमकणारा लेपही केव्हाच थकलेला. अशा डायलवर अतिनील दिवा धरला की ठिपके मलूल उजळतात आणि दिवा काढताच विझतात. इथे ठिपके विझले, पण तास-मिनिटाचे काटे अंधारात कित्येक मिनिटं हिरवे राहिले. तो आधुनिक रंग, १९७४ मध्ये नसलेला. भिंगाखाली काट्याच्या खाचेत लेपाची कड पांढरी आणि गुळगुळीत दिसली, डायलवरच्या ठिपक्यांत मात्र पिवळसर, वाळूसारखे कण. कोणीतरी काटे नव्याने भरले होते. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण किंमत कमी करायला ते पुरेसं आहे. जुना लेप खरवडायचा नाही. त्याची भुकटी श्वासात गेलेली चांगली नव्हे, आणि एकदा काढला की डायलचं मोल परत येत नाही. याआधीच्या पिढीच्या काही डायलींवर रेडियम होतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. तिथे तर झाकण उघडण्याचं कामही जाणकाराकडेच द्यावं.

मशीन बघताना बॅलन्सखाली, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाखाली, ७७३३ हा आकडा शोधायचा. ७७३४ निघाला तर सावध, कारण ते याच मशीनचं तारीखवालं रूप. बाजारात नागरी ७७३४ स्वस्त आणि मुबलक, म्हणून मोडक्या सैनिकी केसमध्ये तेच बसवून देतात. डायलला तारखेची खिडकी नसते, पण डायलखाली तारखेच्या चकतीचे भाग किंवा त्यांच्या रिकाम्या जागा लपून राहतात. मशीन बाहेर काढून डायलची बाजू पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि नुसता मागून काढलेला फोटो यात काहीच सांगत नाही. इथे ७७३३ च होतं, १७ खड्यांचं, तासाला १८,००० ठोक्यांचं.

चाचणीचा क्रम साधा ठेवावा. पूर्ण चावी भरायची, डायल वर ठेवून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर वाचन घ्यायचं, मग क्रोनोग्राफ सुरू करून पुन्हा घ्यायचं. हे घड्याळ दिवसाला ४५ सेकंद पुढे, बॅलन्सचा झोका २१५ अंश, क्रोनोग्राफ चालू केल्यावर १९०. क्रोनोग्राफ जोडल्यावर २० ते ३० अंश पडणं स्वाभाविक, पण सुरुवातच २१५ ने होत असेल तर तेल वाळलेलं आहे. मग क्रोनोग्राफ पुरा अर्धा तास चालू ठेवायचा आणि मिनिटाचा काटा तीसही वेळा उडी मारतो का ते बघत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटं चालवून ‘चालतंय’ म्हणणारे इथेच फसतात. या घड्याळाने सत्राव्या आणि अठराव्या मिनिटाला उडी अर्धवट मारली. शेवटी वीस वेळा शून्यावर आणायचं. दर वेळी सेकंदकाटा बाराच्या रेघेवर थांबला पाहिजे. दर वेळी सारखाच बाजूला थांबत असेल तर काटा बसवताना चूक झाली आहे, दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर काट्याची नळी सैल झाली आहे, आणि ते जास्त खर्चाचं.

७७३३ दुरुस्तीला देताना घड्याळजीला एकच वाक्य आवर्जून सांगावं: विकेंद्री स्क्रू फिरवण्याआधी त्यांची जागा टिपून ठेवा. या मशीनमध्ये क्रोनोग्राफची चाकं एकमेकांत किती खोल बसतात ते अशा स्क्रूंनी ठरतं. खोल बसली तर झोका धाडकन पडतो आणि घड्याळ क्रोनोग्राफ चालू असताना बंद पडतं. उथळ बसली तर सुरू करताना सेकंदकाटा एकदम पुढे उडी घेतो. काटा चालताना थरथरत असेल तर बहुतेक वेळा दोष स्क्रूंचा नसतो, मधल्या चाकावरची ताण-स्प्रिंग वाकलेली किंवा हरवलेली असते. अनुभव नसलेला हात आधी स्क्रू फिरवतो आणि मग मूळ जागा कायमची जाते. क्रोनोग्राफच्या चाकांच्या दात्यांना तेल लावायचं नाही. तेल धूळ धरतं, आणि अर्धवट उड्यांची सुरुवात तिथूनच होते. इथेही मिनिटाच्या चाकाच्या दात्यांत जुनं, घट्ट झालेलं तेल होतं. सफाई आणि तेलपाण्यानंतर झोका २७५, क्रोनोग्राफसह २५०, आणि तीसच्या तीस उड्या पूर्ण. एकही भाग बदलावा लागला नाही.

पट्ट्याबद्दल दोन वाक्यं. या केसला पट्ट्याच्या दांड्या पक्क्या जोडलेल्या असतात, निघत नाहीत, म्हणून पट्टा खालून ओवायचा नायलॉनचाच लागतो किंवा दोन्ही टोकं उघडी असलेला चामड्याचा. विक्रेत्याने ‘वैमानिकाचा मूळ पट्टा’ म्हणून दिलेला राखाडी नायलॉन पट्टा ज्या लष्करी मानकाने आला ते नोव्हेंबर १९७३ चं, म्हणजे तोही फोटोच्या मागून आलेला.

केसवरच्या ओरखड्यांवरून वैमानिक ओळखणारी माणसंही भेटतात: हा सीटच्या बकलाचा, तो हातमोज्याच्या चेनचा. स्टीलवरचा ओरखडा कोणाचं नाव सांगत नाही. उलट, केस पॉलिश केली नाही ना एवढंच बघावं. कडा गोलावलेल्या असतील आणि जाड उजव्या बाजूची रेघ पुसट झाली असेल तर चाकावर धरलेली आहे. ही केस वाचलेली होती.

व्यवहार असा ठरला. १०० मधून काट्यांचे १२ आणि सर्व्हिसिंगचे १५ वजा, राहिले ७३. केस न घासलेली आणि झाकण स्वच्छ म्हणून ५ वर, एकूण ७८. वैमानिकाच्या नावाचे शून्य. फोटो आणि पुस्तिका वेगळ्या पावतीवर ४ ला घेतल्या, त्यांच्या स्वतःच्या मोलाने. विक्रेता आधी ‘संच मोडणार नाही’ म्हणत होता. पुस्तिकेतला फोटो त्याच्यापुढे उघडून ठेवल्यावर संच मोडला. कागद वेगळे विकत घेण्यात आणखी एक हिशेब होता. ते विक्रेत्याकडे राहिले असते तर पुढच्या सीडब्ल्यूसीसोबत तेच पत्र पुन्हा टाइप झालं असतं.

घड्याळाच्या पावतीवर त्याने लिहून दिलं: ‘ब्रिटिश हवाई दलाचा क्रोनोग्राफ, १९७४. व्यक्तिगत वापर सिद्ध नाही.’ घड्याळ आणि कागद आता वेगवेगळ्या पाकिटांत आहेत. घड्याळाच्या पाकिटात सिलिका जेल आहे, कारण या बटणांना पाण्यापासून नावापुरतंच संरक्षण असतं, आणि उद्या ते रत्नागिरीच्या घरी आलं तर एका पावसाळ्यात डायलवर डाग पडायला वेळ लागणार नाही. फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीने नोंद आहे: ‘मनगटावर बहुधा हॅमिल्टन, १९७३ किंवा त्याआधी. क्रमांक अज्ञात.’